घर तिघींचे, सही एकटीची?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

“मी मूळची सांगलीची. गेली दोन वर्षे ऐरोलीतील एका कंपनीत नोकरी करते. सध्याचे पीजी महिनाअखेरीस सोडायचे आहे. माझ्याबरोबर दोन मैत्रिणी आहेत. एक बेलापूरला बँकेत आहे आणि दुसरी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये. सात आठवड्यांत आम्ही ऐरोली, कोपरखैरणे आणि खारघर मिळून चौदा घरे पाहिली. दोन पसंत पडली, पण ‘बॅचलर चालत नाहीत’ असे दोन्हीकडे ऐनवेळी सांगण्यात आले. आता घणसोलीत टू बीएचके मिळतो आहे. भाडे ३६,००० रुपये आणि डिपॉझिट १ लाख. एजंट म्हणतो, करार फक्त माझ्या नावावर करा, कारण माझा पगार जास्त आहे. आणि सोसायटीत आम्ही मामे-मावस बहिणी आहोत असे सांगा. टोकनचे १०,००० रुपये रविवारपर्यंत द्यायचे आहेत. ठाण्याच्या मैत्रिणीकडे डिपॉझिटचे पैसे नाहीत, म्हणून तिचा वाटाही मी घालायचा आणि तिने हॉलमध्ये झोपायचे, असे ठरते आहे. बँकेतल्या मैत्रिणीसाठी घरी स्थळे पाहणे चालू आहे. हे घर घ्यावे का?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागून सांगते. घर घेण्यासारखे आहे. मात्र एजंट सांगतो त्या रीतीने ते घेऊ नका. करारात तिघींची नावे येणार असतील, सोसायटीला तुम्ही कोण आहात हे खरे सांगितले जाणार असेल आणि रविवारच्या आत तुम्ही तिघी एकदा कागद-पेन घेऊन समोरासमोर बसणार असाल, तर पुढे जा. यांतली पहिली गोष्ट मालकाला मान्य नसेल, तर सात आठवड्यांचा शीण कितीही मोठा असला तरी हे घर सोडून द्या.

चौदा घरे पाहून झाल्यावर माणसाचे काय होते, ते मला ठाऊक आहे. पंधराव्या घराच्या नळाला पाणी आणि दाराला कडी दिसली की ते राजवाड्यासारखे वाटू लागते. एजंटलाही हे ठाऊक असते, आणि ‘रविवारपर्यंत’ ही मुदत त्याच हिशेबाने दिलेली असते. घर हातचे जाईल ही भीती अगदीच खोटी नाही. चांगली घरे खरोखर दोन दिवसांत उठतात. तरीही शुक्रवार ते रविवार एवढ्या वेळात जे विचारायचे ते सगळे विचारून होते. अडते ते फक्त विचारायच्या संकोचामुळे.

आता त्या एका नावाविषयी. आपल्याकडे ज्याला सर्रास भाडेकरार म्हणतात, तो बहुतेक वेळा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार असतो. त्यात मालक ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक माणसांना, आपल्या घरात राहण्याची परवानगी देतो. या वाक्यातली ‘ठरावीक माणसे’ म्हणजे करारात ज्यांची नावे आहेत ती. तुमचे एकटीचे नाव असेल तर कायद्याच्या नजरेत तुम्ही राहणाऱ्या आणि उरलेल्या दोघी तुमच्या पाहुण्या होतात. महिन्याचे सगळे ३६,००० रुपये देण्याची जबाबदारी तुमची, मोडलेल्या कपाटाची भरपाई तुमची, आणि उद्या मालकाला घर रिकामे करून हवे झाले तर ‘तुम्ही परस्पर पोटभाडेकरू ठेवल्या’ असे म्हणायची सोयही त्याला आयती मिळते. दोघींचीही स्थिती बरी नाही. त्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो, डिपॉझिटवर त्यांचा लेखी हक्क नसतो, आणि तुमच्यात काही बिनसले तर त्यांना कोणत्या आधारावर तिथे राहता येईल, हा प्रश्न उघडाच राहतो. म्हणजे ही व्यवस्था तिघींपैकी कोणाच्याच सोयीची नाही. सोय आहे ती एजंटची, कारण त्याला एकाच व्यक्तीची कागदपत्रे गोळा करावी लागतात आणि सोसायटीपुढे ‘फॅमिली’ उभी करता येते.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. २००६ साली मी कोपरखैरण्यात दोन मुलींबरोबर राहत होते. ठाणे-वाशी गाडी तेव्हा नुकती रुळली होती आणि आमच्यासारख्या नव्या नोकरदारांना खाडीच्या या बाजूला राहणे पहिल्यांदाच परवडण्याजोगे झाले होते. करार माझ्या नावावर होता, कारण तिघींत थोरली मी. पाचव्या महिन्यात एकीची बदली पुण्याला झाली आणि तिने आदल्या रात्री सांगून सामान हलवले. उरलेल्या सहा महिन्यांत तिच्या जागी कोणी मिळाले नाही, आणि मालकाने, त्याच्या बाजूने पाहता योग्यच, पूर्ण भाडे माझ्याकडे मागितले. त्या मुलीचा मला आजही राग येत नाही. तिने दिलेला शब्द कुठे लिहिलेलाच नव्हता, तेव्हा तो मोडला असेही म्हणता येत नाही.

करार करण्याचा खर्च हे एका नावाचे समर्थन म्हणून तुम्हाला सांगितले गेले असेल, तर तो आकडा पाहून घ्या. महाराष्ट्रात अशा करारावरचे मुद्रांक शुल्क म्हणजे संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. तुमच्या घराचे अकरा महिन्यांचे भाडे ३ लाख ९६ हजार होते आणि डिपॉझिटवरचे कल्पित व्याज सुमारे १० हजार. त्याचा पाव टक्का म्हणजे हजार रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. एजंटची किंवा नोंदणी करून देणाऱ्याची फी वेगळी, आणि तेवढीच काय ती घासाघीस करण्याजोगी. नावे एक असोत वा तीन, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क तेवढेच राहते. नोंदणी हल्ली ऑनलाइन होते. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा घ्यायला माणूस यंत्र घेऊन घरी येतो, आणि दोन साक्षीदार असले की काम अर्ध्या-पाऊण तासात आटोपते.

‘नोंदणी कशाला, नोटरी करून टाकू’ असेही कोणी सुचवील. त्याला नम्रपणे नाही म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. अकरा महिन्यांत नोंदणीची गरज पडत नाही ही समजूत इतर राज्यांतून आलेली आहे. आपल्याकडे तिला आधार नाही. विशेष म्हणजे नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, आणि नोंदलेला करार नसताना वाद झाला तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे आहे असे सिद्ध होईपर्यंत. ही माहिती मालकाला दटावण्यासाठी वापरू नका. ‘नोंदणी तुमच्याही हिताची आहे’ असे सांगण्यापुरती ती पुरे. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये तुमच्यासाठी एक इशारा आहे: मुदत संपल्यावरही घर सोडले नाही तर दुपटीने पैसे मोजावे लागू शकतात. म्हणून करार संपण्याची तारीख तिघींनीही आपापल्या फोनमध्ये दोन महिने आधीच्या आठवणीसह घालून ठेवावी.

नावे असण्याचा आणखी एक फायदा आहे, जो तुमच्या मैत्रिणींना पटकन कळेल. तुमच्यापैकी जी जुन्या करप्रणालीत असेल तिला घरभाडे भत्त्यावर सवलत मागता येते, आणि त्यासाठी तिच्या नावाच्या भाडेपावत्या लागतात. वर्षाचे तिच्या वाट्याचे भाडे १ लाखाच्या वर गेले, तर कार्यालय घरमालकाचा पॅन क्रमांक मागते. करारात नाव नसलेली मैत्रीण तुम्हाला पैसे देणार, तुम्ही ते मालकाला देणार, आणि मार्चमध्ये तिच्या हाती काहीच नसणार. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या.

आता मामे-मावस बहिणींबद्दल. मी नेरुळच्या एका गृहनिर्माण सोसायटीची पाच वर्षे सचिव होते, तेव्हा टेबलाच्या पलीकडची बाजूही मला माहीत आहे. भाडेकरू आले की समितीपुढे खरे प्रश्न तीनच असतात. रात्री गोंगाट होईल का, गाड्या कुठे लावणार आणि घरात नक्की किती माणसे राहणार. ‘बॅचलर नको’ हा ठराव या तीन प्रश्नांना आळशीपणाने दिलेले उत्तर आहे, आणि मुली असतील तर त्यात नको त्या चौकशीची भर पडते, हे मी लपवत नाही. आमच्याही समितीत असा ठराव एकदा आला होता. तो पुढे गेला नाही त्याचे श्रेय कोणाच्या पुरोगामीपणाला नाही. दोन सदस्यांचे फ्लॅट नेमके तेव्हा रिकामे पडले होते.

सहकारी सोसायट्यांच्या कारभाराचे जे नमुना-नियम आहेत, त्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने घर लीव्ह अँड लायसन्सवर द्यायचे असेल तर सोसायटीची पूर्वपरवानगी मागावी लागत नाही. आधी कळवावे लागते आणि नोंदलेल्या कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी सभासदाकडून जो बिनभोगवटा आकार घेते, तोही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा २००१ सालचा आदेश आहे. तेव्हा ‘बॅचलर असल्यामुळे मेंटेनन्स जास्त’ असे सांगून मालकाने भाडे वाढवले, तर त्याला या आदेशाची आठवण जरूर करून द्या. मात्र ही सगळी भांडणे सभासदाने, म्हणजे मालकाने, सहकार खात्याच्या निबंधकाकडे न्यायची असतात. अकरा महिन्यांसाठी राहायला येणाऱ्या तीन मुलींनी दुसऱ्याच्या सोसायटीतला लढा अंगावर घ्यावा, असे मी सुचवणार नाही. मालक स्वतः उभा राहत असेल तर घर घ्या. तो ‘तुम्हीच काय ते पाहून घ्या’ म्हणत असेल तर त्याच्या उत्तरातच तुमचे उत्तर आहे.

खोटे नाते सांगण्याला माझा विरोध नीतीच्या कारणाने थोडा आणि व्यवहाराच्या कारणाने पुष्कळ आहे. कराराची प्रत सोसायटीत जाते, पोलिसांकडे द्यायच्या माहितीत राहणाऱ्या प्रत्येकीचे नाव आणि मूळ पत्ता लिहावा लागतो, आणि एकीचा पत्ता सांगलीचा, दुसरीचा अकोल्याचा आणि आडनावे तिन्ही वेगळी असली की वॉचमनलाही आठवड्यात सगळे समजते. त्या क्षणापासून तुमच्या घरी कोणीही आले की संशय, आणि मालकालाही ‘मला फसवले’ म्हणायला जागा. याउलट, एजंटला बाजूला ठेवून रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, कंपनीची ओळखपत्रे घेऊन, मालकाला सोबत नेऊन सचिवांना भेटा. ‘आम्ही तिघी नोकरी करतो, गाडी एकच आणि तीही दुचाकी, आमच्यापैकी एकीची शिफ्ट रात्री साडेअकराला संपते’ असे स्वतःहून सांगा. बहुतेक सचिवांना नेमके एवढेच हवे असते, आणि कोणी स्वतःहून सांगितले याचे त्यांना अप्रूप वाटते. मला वाटत असे. मासे-मटणाविषयीही तिथेच विचारून टाका; तुमच्यापैकी एक जरी मालवणची असेल, तर अकरा महिने खिडक्या लावून बांगडे तळण्यात काही सुख नाही.

जागा म्हणून घणसोली तुमच्या तिघींच्या नोकऱ्यांना बरी आहे, आणि चौदा घरे पाहताना हे तुमच्या लक्षात आले असेलच. तुमची ऐरोली मधले रबाळे सोडून पुढचे स्थानक, ठाणे चौथे, आणि बेलापूरला जाणारीला तुर्भे, जुईनगर, नेरुळ या बाजूने जाता येते. तिने एवढे मात्र पाहावे की ठाण्याहून येणारी प्रत्येक गाडी तिच्या उपयोगाची नाही; वाशीची गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते, तिला नेरुळ किंवा पनवेलची गाडी धरावी लागेल, आणि गर्दीच्या वेळी त्यांच्यातले अंतर फलाटावर उभे राहून मोजावे, मोबाइलवर पाहून नव्हे. वागळे इस्टेटवालीला ठाण्याला उतरल्यावर बस किंवा शेअर रिक्षा आहेच, तेव्हा तिचा प्रवास तिघींत लांबचा. खारघरची घरे मोठी आणि हवेशीर असतात, पण तुमच्यासाठी ती उलट्या दिशेला आहेत. शिवाय अनेकांना ठाऊक नसते की खारघर नवी मुंबई महापालिकेत येत नाही; ते २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत आहे, आणि पाण्याची चौकशी तिथे स्वतंत्रपणे करावी लागते.

पाण्याची चौकशी घणसोलीतही करा, आणि ती मालकाकडे करू नका. खालच्या मजल्यावरच्या एखाद्या काकूंना किंवा वॉचमनला ‘पाणी किती वाजता येते आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतो का’ असे विचारा. इमारत सिडकोच्या सेक्टरमधली आहे की गावठाणातली, हेही पाहा. गावठाणातल्या खोल्यांना मी नावे ठेवणार नाही. भाडे कमी, समितीची कटकट नाही, आणि आगरी-कोळी घरमालक भाडेकरूला गणपतीत हाताला धरून जेवायला बसवतात. मात्र त्यांतल्या पुष्कळ इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र नाही, लिफ्ट नाही, गल्लीत अग्निशामक गाडी शिरेल अशी जागा नाही, आणि विजेचा मीटर कधी कधी मालकाचा सबमीटर असतो, ज्याचा दर तोच ठरवतो. तुमचे घर नोंदलेल्या सोसायटीत आहे असे पत्रावरून दिसते, तेव्हा हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही. ३६,००० रुपये डोईजड झाले, तर पुढच्या वर्षी हा पर्याय डोळे उघडे ठेवून पाहता येईल.

आता ज्या भागावर तुमच्या पत्रात सर्वांत कमी ओळी आहेत, आणि ज्यावरून घरे मोडतात, तो भाग. वाटणी.

‘ठाण्याची मैत्रीण हॉलमध्ये झोपेल’ हे वाक्य तुम्ही सहज लिहिले आहे. तिला किती भाडे पडणार, हे मात्र लिहिलेले नाही. बारा-बारा हजार करणार असाल तर ती तीन महिन्यांत धुसफुसू लागेल, आणि तिचे बरोबर असेल. हॉल म्हणजे दार नसलेली खोली. दूधवाला, पाहुणे, रात्री उशिरा येणारी मैत्रीण, सगळी वाट तिच्या उशाजवळून जाते. माझी पद्धत अशी आहे: भाड्याचा अर्धा भाग, म्हणजे १८,००० रुपये, स्वयंपाकघर, बाथरूम, हॉलचा दिवसाचा वापर अशा सामाईक गोष्टींचा धरावा आणि तो समान वाटावा, म्हणजे प्रत्येकीचे ६,०००. उरलेला अर्धा भाग झोपायच्या जागेचा. बाथरूम जोडलेल्या बेडरूमचे ८,०००, दुसरीचे ६,५००, हॉलचे ३,५००. अशा रीतीने १४,०००, १२,५०० आणि ९,५०० असे वाटे होतात. आकडे तुमचे वेगळे येतील. ते बरोबर आले की नाही हे तपासायची एक साधी युक्ती आहे: ‘या पैशांत तू माझ्या जागी येशील का’ असे एकमेकींना विचारा. तिघींनाही अदलाबदल करायला हरकत वाटत नसेल, तर वाटणी ठीक. कोणीच हॉलमध्ये जायला तयार नसेल, तर हॉल अजून महाग आहे. आणि हॉलवालीला स्वस्तात जागा दिली म्हणून रात्री अकरानंतर तिथे टीव्ही लावायचा अधिकार विकत घेतला, असे समजू नये.

विजेचे बिल मात्र समान वाटू नका, निदान एसी असेल तर नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली १०० युनिटे स्वस्त, पुढे ३०० पर्यंत महाग, त्यापुढे ५०० पर्यंत आणि त्याही पलीकडे आणखी महाग. एकीच्या खोलीतला एसी नुसती स्वतःची युनिटे वाढवत नाही, तो सगळ्या घराला वरच्या टप्प्यात ढकलतो. एसी नसलेल्या महिन्याचे बिल आधार धरून वरचा फरक एसी वापरणारीने द्यावा, हे आत्ताच ठरले तर मे महिन्यात कोणाचे तोंड सुजणार नाही. कामवाल्या मावशी, गॅस, इंटरनेट यांचे फार खल करू नका. समान वाटा आणि विसरा.

डिपॉझिटचे पाहू. मैत्रिणीचा वाटा तुम्ही घालणार आहात, यात वाईट काही नाही. पहिली दोन वर्षे सगळ्यांनाच कोणीतरी हात दिलेला असतो. फक्त ते उसने आहेत हे दोघींनी एकाच भाषेत समजून घ्यावे. तिचा वाटा समजा ३०,००० रुपये असेल, तर ‘दर महिन्याला ३,००० प्रमाणे दहा महिन्यांत’ असे लिहा, आणि तोपर्यंत मालकाकडून परत येणाऱ्या रकमेत तिचा हक्क तिने फेडलेल्या पैशांइतकाच राहील, हेही लिहा. पैसे रोख देऊ नका. प्रत्येकीने आपला वाटा आपल्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात टाकावा, आणि उसने दिलेले पैसे आधी तिच्या खात्यात पाठवून मग तिनेच पुढे पाठवावेत. थोडा द्राविडी प्राणायाम आहे, पण एक वर्षाने डिपॉझिटमध्ये कोणाचे किती, याचा हिशेब बँकेच्या पासबुकातच सापडतो.

बँकेतल्या मैत्रिणीचे लग्न ठरले तर काय, हा प्रश्न तिला विचारायला तुम्हाला अवघड वाटत असेल. विचाराच. स्थळ पाहणे चालू आहे म्हणजे उद्या लग्न आहे असे नाही, आणि ठरले तर ती आनंदाची गोष्ट आहे. पण ती गेल्यावर तिची खोली दोघींच्या डोक्यावर पडू नये. मालकाशी बोलताना लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडताच येत नाही तो काळ, तीन महिन्यांवर आणायचा प्रयत्न करा; पुष्कळ छापील करारांत तो अकराही महिने लिहिलेला असतो आणि सही करताना कोणी वाचत नाही. त्यानंतर एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंनी असावी. तुमच्या आपसात मात्र जाणारीने दोन महिने आधी सांगावे, किंवा दोघींना पसंत पडेल अशी बदली मुलगी आणून द्यावी, असे ठेवा. नवी मुलगी आली की जुन्या करारात नाव खोडून नाव घालता येत नाही. करार नव्याने करून नोंदवावा लागतो, तो खर्च जाणारीने सोसावा. तिचे डिपॉझिट नवी मुलगी देईल तेव्हा मिळेल. हे सगळे एका पानावर लिहून तिघींनी सह्या कराव्यात. या पानाला नोंदणी नको, वकील नको. मी ते पान कोर्टात दाखवण्यासाठी सुचवत नाही. सात महिन्यांनी ‘मी असे म्हणालेच नव्हते’ असे कोणी म्हणाले, तर फ्रिजवर लावलेले काढून दाखवता येते, एवढ्यासाठी.

टोकनचे १०,००० रुपये एजंटच्या खात्यात पाठवू नका. त्याआधी मालक खरोखर मालक आहे याचा कागद मागा. घराची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराचे बिल, सोसायटीचे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) किंवा विजेचे बिल, यांतले कोणतेही दोन आणि त्यांवरचे नाव मालकाच्या आधार कार्डावरच्या नावाशी जुळणारे. मालक परदेशी असेल आणि भाऊ किंवा वडील सही करणार असतील, तर मुखत्यारपत्र पाहा. मग पैसे मालकाच्याच खात्यात टाका आणि त्याच वेळी त्याला लेखी संदेश पाठवा, की सोसायटीने हरकत घेतली किंवा करारात तिघींची नावे घेतली नाहीत तर ही रक्कम पूर्ण परत मिळेल. त्याने ‘हो’ असे उत्तर दिल्याशिवाय पैसे पाठवू नका. घर न दाखवता पैसे मागणारे, स्वतःला लष्करात अधिकारी म्हणवणारे आणि ‘पैसे मिळण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ म्हणणारे महाभाग तुम्हाला सात आठवड्यांत भेटले असतीलच, तेव्हा त्यांच्याविषयी जास्त लिहीत नाही. ‘हेवी डिपॉझिट’ देऊन बिनभाड्याने राहायचा प्रस्ताव कोणी पुढे केला, तर तो मात्र तिथल्या तिथे नाकारा. पाच-सहा लाख रुपये अनोळखी माणसाकडे अडकवून ठेवणे तुमच्या वयाला आणि पगाराला झेपणारे नाही.

एजंटची दलाली साधारण एक महिन्याचे भाडे असते आणि ती तिघींत वाटून पडते. करार वाढवताना तो पुन्हा निम्मी किंवा पूर्ण दलाली मागेल. द्यायची की नाही, हे आजच स्पष्ट करून घ्या, कारण पुढच्या वर्षी मालकाचा नंबर तुमच्याकडे असेल आणि एजंटने कराराच्या वेळी केलेले काम तेव्हा नसेल.

किल्ली मिळेल त्या दिवशी सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढा: भिंतींवरची ओल, बाथरूमच्या फरशा, कपाटांची बिजागरे, स्वयंपाकघरातल्या ओट्याचा तडा. मीटरवरचे आकडे आणि त्याखालचा ग्राहक क्रमांक वाचता येतील असा एक फोटो काढा, आणि त्या क्रमांकावर मागची थकबाकी नाही हे पाहून घ्या. हे सगळे त्याच संध्याकाळी मालकाला आणि तुमच्या दोघी मैत्रिणींना पाठवून द्या. घर सोडताना रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून किती कापले जाणार, हा आकडा मात्र सहीच्या आधी करारात लिहून घ्या.